विरोधी बाजूचे हातिसकर

गुणवंत हातिसकरांना स्वतःचं असं मत नव्हतं. एखाद्याला भाऊ नसतो, तसं यांना मत नव्हतं, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. सकाळी शैलाबाईंनी विचारावं, "अहो, पडवळ करू की दुधी?" की चष्मा पुसत हातिसकर म्हणणार, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे." मुलीने, संपदाने, कॉमर्सला जाऊ की आर्ट्सला असं विचारलं तेव्हाही दोन्ही बाजूंत तथ्य निघालं. पोरगी बिचारी महिनाभर वाट बघून मैत्रीण गेली तिकडे गेली. पुढे तिच्यासाठी दोन स्थळं आली तेव्हा मात्र शैलाबाईंनी नवऱ्याला विचारलंच नाही. त्यामुळेच तिचं लग्न वेळेवर झालं आणि ती डोंबिवलीला नांदायला गेली.

आणि हाच माणूस गोडदेवच्या नवप्रभात सोसायटीतला सगळ्यात गाजलेला वक्ता होता. त्याचं श्रेय सोसायटीला द्यायला हवं.

सोसायटी उभी राहिली सत्याऐंशी साली. गिरगाव, परळ, लालबाग इथल्या दोन-दोन खोल्या सोडून लोक भाईंदरला आले ते स्वतःच्या मालकीचं न्हाणीघर मिळणार म्हणून. बिल्डरने माहितीपत्रकात कारंजं छापलं होतं. प्रत्यक्षात नळ होते, नळांना तोट्या होत्या, पाणी तेवढं नव्हतं. एक दिवसाआड नाथा पाटलांचा टँकर यायचा आणि खालची टाकी भरून जायचा. पंपाने वर चढवावं इतकं पाणी त्या टाकीत कधी नसायचंच, म्हणून ज्याने त्याने आपापल्या हंड्याने आपापल्या मजल्यावर न्यायचं. थोडक्यात, इथे आल्यावर लोकांना दोन उणिवा जाणवल्या, एक पाण्याची आणि दुसरी व्याख्यानमालेची. पाणी आणणं आपल्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरी उणीव आधी भरून काढली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, गच्चीवर वादविवाद. विषय ताजा हवा, देशाला किंवा समाजाला भिडणारा हवा. एक वक्ता बाजूने, एक विरुद्ध, प्रत्येकाला सात मिनिटं. वेळ पाहायचं काम तळमजल्यावरच्या हंसाबेनकडे. त्यांना भाषणातलं मराठी अजिबात कळायचं नाही, म्हणून त्या निःपक्षपाती आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्या देवघरातली घंटा घेऊन बसायच्या, पाच मिनिटांनी एकदा वाजवायच्या, सात मिनिटांनी दोनदा. शेवटी हात वर करून मतदान. पण सोसायटीत सगळ्या पक्षांची माणसं राहत होती, विषयावर मत मागितलं तर जिन्यात भांडणं झाली असती. म्हणून चौथा नियमच असा होता, की मत विषयाला द्यायचं नाही, बोलण्याला द्यायचं. जो चांगला बोलला तो जिंकला, मग त्याने काहीही सांगितलेलं असो.

पहिला विषय होता 'अंधश्रद्धा निर्मूलन ही काळाची गरज आहे.' बाजूने बोलायला नऊ जण तयार होते आणि विरुद्ध बोलायला कोणी धजेना. सेक्रेटरी आंब्रे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. विरोधाशिवाय वाद म्हणजे नुसती बडबड, असं म्हणून त्यांनी गच्चीभर नजर फिरवली. ती कठड्याला टेकून बसलेल्या हातिसकरांवर थांबली, कारण हातिसकरांना नाही म्हणता येत नाही हे तोवर सगळ्या इमारतीला ठाऊक झालं होतं.

हातिसकर उठले, घोटभर पाणी प्यायले आणि बोलू लागले, आणि लोक थक्क झाले. स्वतःचं मत आडवं येत नसल्यामुळे त्यांचं बोलणं कुठे अडखळेचना. काळी मांजर, करणी, उंबऱ्यावरची शिंक, सगळ्याची त्यांनी अशी कड घेतली की दुसऱ्या दिवशी चौदा दारांवर लिंबू-मिरची लटकली. त्या दिवसापासून विरोधी बाजू हातिसकरांना चिकटली ती कायमची. समोर दर महिन्याला नवा माणूस, विरुद्ध कायम हातिसकर. एक्याण्णव साली 'परदेशी कंपन्या आल्या तर देश विकला जाईल' या विषयावर विरुद्ध बोलून त्यांनी कंपन्यांना आत घेतलं. पुढच्याच महिन्यात विषय उलटा करून ठेवला, तर विरुद्ध बोलून त्यांनी त्याच कंपन्या हाकलून लावल्या. दोन्ही वेळा टाळ्या सारख्याच पडल्या.

त्यांना बोलताना घोटाघोटाला पाणी लागायचं, प्रत्येक मुद्द्यानंतर एक घोट. म्हणून शैलाबाई सहा वाजता एक तांब्या भरून टेबलावर ठेवायच्या, वर फुलपात्र पालथं घालायच्या आणि खाली निघून जायच्या. लोकांच्या साड्यांना फॉल लावून देण्याचं काम त्या घरी करत. भाषण ऐकायला त्यांना वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसाला घरात पडवळ की दुधी हे ठरवता येत नाही, त्याने गच्चीवर जाऊन देशाचा निकाल लावावा याचा त्यांना राग यायचा. तो त्या बोलून दाखवत नसत, इतकंच.

आता आंब्र्यांच्या रजिस्टरबद्दल सांगायला हवं. सोसायटी नोंदवली तेव्हा त्यांनी लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर आणलं होतं. सोसायटीच्या सभांचे ठराव त्यातच आणि वादविवादाचे निकालही त्यातच. दोन वह्या कशाला, सभा ती सभाच, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला याने काही बिघडलं नाही. पण आंब्रे रजिस्टर नुसतं लिहीत नसत, पाळतही असत. 'दूरदर्शन हे ज्ञानाचं साधन आहे' हा विषय हातिसकरांनी हाणून पाडला, तेव्हा आंब्र्यांनी ठराव क्रमांक एकतीसनुसार आठ दिवस सगळ्यांचे अँटेने उतरवून ठेवले. 'विवाहसंस्था टिकली पाहिजे' या विषयावर हातिसकर दोन मतांनी जिंकले, आणि सोमवारी खालच्या नावांच्या फळ्यावर नवरा-बायकोंची नावं वेगवेगळ्या ओळींत गेली. लोक कुरकुरले, पण रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. रजिस्टरशी वाद घालायची सोय मंडळाच्या नियमांत नव्हती.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये विषय निघाला, 'नळाचं पाणी हा भाईंदरकरांचा हक्क आहे.' सोसायटीचा नळजोडणीचा अर्ज नगरपालिकेत दोन वर्षं पडून होता आणि यादीत आता सतरावा नंबर लागला होता. असा एक ठणठणीत ठराव जोडला तर अर्जाला वजन येईल, असा आंब्र्यांचा हेतू. बाजूने आशाताई केळशीकर, शाळेतल्या शिक्षिका. त्या माणशी किती लिटर लागतं याचे आकडे घेऊन आल्या. विरुद्ध, अर्थातच, हातिसकर.

हातिसकरांनी आधी एक घोट घेतला. "नळ येईल," ते म्हणाले, "आणि दारं बंद होतील. आज टँकर आला की चौथ्या मजल्यावरचा माणूस तळमजल्यावरच्या माणसाला भेटतो. हंसाबेन आपल्याला केम छो विचारतात ते कुठे? टाकीपाशी. जेसल पार्कात माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे नळ आलाय. गेल्या दिवाळीपासून त्यांना शेजाऱ्याचं नाव आठवत नाही!" मग घोट. मग टाकीपाशी जमलेल्या दोन सोयरिकी, रांगेत मिटलेली तीन भांडणं, पुन्हा घोट. शेवटी रिकामा तांब्या उंच धरून त्यांनी विचारलं, "जे न मागता तोटीतून येतं, त्याची किंमत माणसाला राहील का?"

गच्चीवर दोन-तीन माणसं डोळे पुसत होती. त्याच सकाळी हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाताई आणि पहिल्या मजल्यावरच्या आनंदीबाई एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मतदान झालं. हातिसकरांना एक्केचाळीस मतं, आणि आशाताईंना एक. ते एक मत पाहुणे म्हणून बोलावलेल्या नाथा पाटलांचं. टँकरचा मालकच नळाच्या बाजूने हात वर करून उभा होता.

"अरे, ह्या खड्ड्यांतशी टँकर आनता आनता माजी कंबर गेली," नाथा पाटील कळवळून म्हणाले. "नल येऊ द्या. पानी न्हाय तर मानूस जगंल कसा? तुमी टाल्या काय वाजवता?"

चौथा नियम दाखवून त्यांना खाली बसवण्यात आलं.

सोमवारी खालच्या फळ्यावर नोटीस लागली. ठराव क्रमांक सत्तावन्ननुसार सोसायटीस नळाच्या पाण्याची आवश्यकता नाही, सबब अर्ज मागे घेत असल्याचं पत्र पाठवण्यात आलं आहे. हे शैलाबाईंनी वाचलं ते कमरेवर हंडा घेऊन उभ्या असताना. हंडा खाली ठेवून त्यांनी ती नोटीस पुन्हा एकदा वाचली, मग हंडा उचलून त्या चौथ्या मजल्यावर आल्या.

संध्याकाळी हातिसकर ऑफिसातून आले. शैलाबाईंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "अहो, तुम्हाला नळ नकोय?"

"तसं नाही गं. मला बाजू दिली होती."

"ते कळलं. पण तुम्हाला काय हवंय? नळ हवा की नको?"

हातिसकरांनी चष्मा काढला. त्यांनी खरोखर विचार केला, बराच वेळ केला. आणि मग म्हणाले, "तसं पाहिलं तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

शैलाबाई आपला दुखरा गुडघा चोळत बसल्या. एकोणतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांना हातिसकरांचं तोंड बघू नये असं वाटलं. मग त्या उठल्या आणि तडक आंब्र्यांच्या दारात गेल्या.

तिथे बरीच गर्दी जमली होती, कारण टाळ्यांची झिंग एव्हाना उतरली होती. आंब्रे मात्र ठाम होते. ठराव रद्द करायचा तर ठरावानेच. सर्वसाधारण सभा ऑगस्टमध्ये आणि नळाची नवी यादी बंद होणार चार मेला, सोमवारी. त्यानंतर पुन्हा यादी कधी उघडेल ते देव जाणे. तेव्हा मार्ग एकच होता, शनिवारी तोच विषय पुन्हा वादाला घ्यायचा.

"मी बोलते बाजूने," शैलाबाई म्हणाल्या.

"आणि विरुद्ध?"

"विरुद्ध आहेतच की आमचे."

नियम नववा असा होता, की विरोधी वक्ता उभा राहिला नाही तर वाद रद्द. दुसरा कोणी विरोधी वक्ता सोसायटीत नव्हता, पाच वर्षांत घडवलाच नव्हता. त्यामुळे हातिसकरांनी उभं राहायचं आणि हरायचं, असं सर्वानुमते ठरलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण हातिसकरांना हरणं जमेना. कच्चे मुद्दे काढून त्यांनी ते ऑफिसच्या कँटीनमध्ये म्हणून पाहिले, तर बाजूच्या टेबलावरच्यांनी टाळ्या दिल्या. अडखळून बोलले तर लोक म्हणाले, काय भावना आहे! शुक्रवारी त्यांनी सरळ चुकीचे आकडे लिहून काढले आणि कागदाच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं, 'पडायचं आहे.' त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही. आपण चुकून जिंकलो तर काय, हेच मनात घोळत होतं. मत नसलेल्या माणसालाही भीती असते, ती त्यांना होती. शैलाबाई चार दिवसांत त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलल्या नव्हत्या.

शनिवारी गच्ची तुडुंब भरली. जेसल पार्कातूनही माणसं आली, ज्यांच्याकडे नळ होता त्यांनाही ऐकायचं होतं. आंब्र्यांनी विषय वाचला. "बाजूने, सौभाग्यवती शैला हातिसकर. वेळ सात मिनिटं."

शैलाबाई उठल्या. टेबलापाशी त्या गेल्याच नाहीत. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी आपले दोन हंडे आणून ठेवले होते, त्यातला एक रिकामा हंडा उचलून त्या जिना उतरू लागल्या.

"वहिनी, भाषण!" आंब्रे ओरडले.

"चालू केलंय," जिन्यातून आवाज आला.

तळापासून गच्चीपर्यंत नव्वद पायऱ्या. लोक गप्प बसून ऐकू लागले. चपला फटफट करत उतरत गेल्या. मग टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज, मग पाण्यात हंडा बुडाल्याचा. मग पावलं वर येऊ लागली, आता वेगळी. एक पाऊल, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. गुडघ्याने अधू झालेलं माणूस तसंच चढतं. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. हंसाबेननी एकदा घंटा वाजवली. पावलं पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबली, आणि हंडा जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. हंसाबेननी घड्याळाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसत दोनदा घंटा वाजवली. पाच वर्षांत त्यांना कळलेलं हे पहिलं भाषण होतं.

दीड मिनिटानंतर शैलाबाई वर आल्या. हंडा टेबलाशेजारी ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं. "झालं माझं बोलून."

"मुद्दा काय लिहू?" आंब्र्यांनी पेन सरसावून विचारलं.

"एक हंडा."

आंब्र्यांनी तसं लिहिलं. मग विरोधी वक्त्याचं नाव पुकारलं.

हातिसकर कागद घेऊन उभे राहिले. सवयीने हात तांब्याकडे गेला. तांब्या रिकामा होता. तो दर महिन्याला भरणारी बाई आज वक्ता होती. बाजूला हंडा होता, काठोकाठ भरलेला, पण त्यातलं पाणी घ्यायला त्यांचा हात उठेना. घरात पाणी असतं, इतकंच त्यांना आजवर माहीत होतं. टँकर यायचा दहाला, तेव्हा ते ऑफिसात असत. संध्याकाळी घरी यावं तर पिंप भरलेलं. ते पिंपात कसं येतं हा प्रश्न कुठल्याही महिन्याच्या विषयात आला नव्हता.

त्यांनी 'पडायचं आहे' लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला, जिन्याच्या तोंडाशी गेले, दुसरा हंडा उचलला आणि खाली उतरले.

"हे काय, विरोधी वक्तासुद्धा तेच?" आंब्रे गोंधळले. "यांनी विरुद्ध बोलायला हवं!"

"विरुद्धच हाय ना," नाथा पाटील म्हणाले. "बायकू वर येताना बोलली, ह्यो खाली जाताना बोलतोय. लिवा तुमी."

आंब्र्यांना यात तथ्य वाटलं. सगळे पुन्हा कान देऊन बसले. झाकण सरकलं, हंडा बुडाला. पावलं वर निघाली, दुसऱ्या मजल्यापर्यंत बरी आली, आणि मग काहीतरी धडपडलं, पाणी सांडल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. पाच मिनिटांची घंटा झाली. सात मिनिटांच्या दोन झाल्या. जिन्यातून काहीच ऐकू येईना. हंसाबेन घाबरून आंब्र्यांकडे वळल्या. "हातिसकरभाई का टाइम तो थई गयो. अब क्या करू, और बजाऊ?" नियमात तिसऱ्या घंटेची सोय नव्हती, तरी त्यांनी ती वाजवली.

शेवटी सगळी सभा उठून जिन्याने खाली गेली. पुढे शैलाबाई, मागे रजिस्टर घेतलेले आंब्रे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर हातिसकर बसले होते. सदरा ओला, चष्मा एका कानावर, मांडीवर अर्धा सांडलेला हंडा घट्ट धरलेला. त्यांचा श्वास लागला होता. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"असे किती गं?"

"टँकरच्या दिवशी आठ," शैलाबाई म्हणाल्या. "संपदा होती तेव्हा निम्मे-निम्मे."

हातिसकर हंड्याकडे बघत राहिले. त्यांना आपल्या सगळ्या भाषणांची लाज वाटली, आणि घोटाघोटाने प्यायलेल्या तांब्यांची तर फारच. आणि मग, ज्याची सवय नाही असं काही उचलावं तसे शब्द उचलत ते म्हणाले, "मला वाटतं... मला वाटतं, नळ यायला हवा."

"हा मुद्दा विरोधी बाजूचा म्हणून घेता येणार नाही," आंब्रे म्हणाले. "शिवाय वेळ संपल्यावर मांडलाय."

"आंब्रे," शैलाबाई म्हणाल्या, "मतदान घ्या."

मतदान जिन्यातच झालं. चार मजल्यांच्या कठड्यांवरून हात वर आले. जेसल पार्कवाल्यांनीही हात वर केले, त्यांचे मोजले नाहीत. ठराव क्रमांक अठ्ठावन्न मंजूर झाला. खाली आंब्र्यांनी शेरा लिहिला, 'विरोधी वक्ते जिन्यात आढळले.' सोमवारी सकाळी दहाच्या आत पत्र गेलं आणि यादीत सोसायटीला त्रेपन्नावा नंबर मिळाला.

सतराचे त्रेपन्न झाले, म्हणून नळ यायला पुढे दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं हातिसकर ऑफिसातून आले की कपडे न बदलता टाकीवर जायचे. आठातले चार हंडे त्यांचे. पहिले काही महिने दुसऱ्या मजल्यावर थांबायचे, नंतर तिसऱ्यावर. वादविवाद चालू राहिले, विरोधी बाजूही त्यांच्याकडेच राहिली, पण भाषणं पूर्वीसारखी रंगत नाहीत अशी लोकांची तक्रार होती. मधूनच ते थांबायचे आणि विचारात पडायचे. तांब्या आता स्वतःच भरून न्यायचे आणि बहुतेक वेळा तसाच भरलेला परत आणायचे.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी नळाने आधी बराच वेळ नुसती हवा सोडली, मग खाकरला, मग पाणी आलं. जिन्यात आरडाओरडा झाला, कोणी फटाके लावले. शैलाबाईंनी नळाखाली पहिलं फुलपात्र भरलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"घ्या. सांगा, कसंय?"

हातिसकरांनी एक घोट घेतला. चष्मा काढून पुसला. शैलाबाई वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

"गढूळ आहे," हातिसकर म्हणाले. "आणि गंजाचा वास येतोय. मला नाही आवडलं."

शैलाबाई ओट्याला धरून हसत सुटल्या, इतक्या की खालून हंसाबेननी काय झालं म्हणून हाक मारली. नळ तसाच वाहत होता. तो बंद करायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.